घोरणे थांबते तेव्हा

उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची चाल आमच्या शहरातून आता जवळजवळ गेली. पण ज्यांचे बालपण गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज अशा जुन्या वस्तीत गेले, त्यांना ती नक्कीच आठवत असेल. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचे, फरशी निवली की सतरंज्या अंथरायच्या, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि शेजारच्या गच्चीवरच्या मंडळींशी बोलता बोलता झोपी जायचे. अशा गच्चीवर कोणाचेही घोरणे खासगी राहत नसे. कोणत्या घरातला कोण कसा घोरतो, हे साऱ्या गल्लीला ठाऊक असे.

आमच्या काकांचे घोरणे गल्लीत प्रसिद्ध होते. आम्हा मुलांना त्याची मोठी गंमत वाटे. आवाज चढत चढत जाई आणि एकदम बंद पडे. मग आम्ही चादरीत तोंड खुपसून आकडे मोजायचो. दहा, पंधरा, वीस... तेवढ्यात घशात अडकलेले काहीतरी सुटावे तसा मोठा हिसका येई, काका कूस बदलत आणि घोरणे पुन्हा सुरू होई. आम्ही हसायचो. काकू मात्र हसत नसे. ती अंथरुणावर उठून बसलेली असे आणि तिचा हात काकांच्या खांद्यावर असे.

काका सरकारी कचेरीत होते. दुपारी फायलीवर डोके टेकून त्यांना झोप लागे, म्हणून कचेरीत त्यांची थट्टा होई. रक्तदाबाच्या गोळ्या एकीच्या दोन आणि दोनाच्या तीन झाल्या, तरी दाब उतरत नव्हता. एकदा काकू त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली आणि धीर करून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे झोपेत मध्येच थांबतात बघा. श्वासच घेत नाहीत." डॉक्टर हसून म्हणाले, "मग तेवढा वेळ तरी तुम्ही झोपून घेत जा!" सगळे हसले. काकाही हसले. १९९४ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, एका पहाटे ते झोपेतच गेले. कागदावर हृदयविकाराचा झटका असे कारण लागले. ते खरेही असेल. त्यांना आणखी कोणता आजार होता, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण ज्या एका साक्षीदाराने वर्षानुवर्षे रात्र जागून काही पाहिले होते, तिची साक्ष कोणी नोंदवून घेतली नाही, एवढे मात्र नक्की.

आपल्याकडे घोरण्याला आजार मानण्याची रीत नाही. तो विनोदाचा विषय आहे. घोरणारा दिसला की आपल्याला कुंभकर्ण आठवतो, आगगाडी आठवते. 'काय गाढ झोपलाय!' असे आपण कौतुकाने म्हणतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. घोरणे ही गाढ झोपेची खूण नव्हे. हवा जाण्याची वाट अरुंद झाली आहे, एवढाच त्या आवाजाचा अर्थ.

ही वाट अरुंद कशी होते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या घशाच्या मागच्या भागाला हाडांचा आधार नाही. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचे मूळ हे सारे स्नायूंच्या बळावर तोलून धरलेले असते. जागेपणी हे स्नायू सावध असतात. झोप लागली की ते सैलावतात. वाट थोडी आक्रसली तर हवा जाताना आजूबाजूचा मऊ भाग थरथरतो, त्याला आपण घोरणे म्हणतो. वाट पूर्ण मिटली तर आवाजही थांबतो आणि हवाही थांबते. छाती-पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण आत काही जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस क्षणभर अर्धवट जागा होतो, घसा उघडतो आणि हिसक्यासरशी श्वास आत जातो. अशा प्रत्येक वेळी रक्तदाब उसळतो, नाडी धावू लागते. सकाळी त्या माणसाला यातले काहीही आठवत नाही. या आजाराला वैद्यकात 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. आपण त्याला झोपेत श्वास अडण्याचा आजार म्हणू.

श्वास किमान दहा सेकंद थांबला तर तो एक अडथळा मोजतात. पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि प्राणवायू उतरला, तर तोही मोजतात. तासाला असे पाचपेक्षा कमी अडथळे असले तर काळजी नाही. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य आजार, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तीसच्या वर म्हणजे तीव्र. तीस हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण सात तासांच्या झोपेला त्याने गुणले, तर एका रात्रीत दोनशे दहा वेळा त्या माणसाचा गळा आवळला गेला आणि सुटला, असा हिशेब निघतो. अशी रात्र काढलेला माणूस दुपारी फायलीवर मान टाकतो, तेव्हा त्याला आळशी म्हणणे हा अन्यायच नव्हे काय?

या आजाराचे वर्णन वैद्यकाच्या आधी साहित्याने केले, असे म्हटले तरी चालेल. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये दारात उभ्या उभ्या झोपणारा एक लठ्ठ पोरगा आहे. ही कादंबरी १८३६-३७ मधली. पुढे १९५६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी लठ्ठपणा, सततची झोप आणि मंदावलेला श्वास यांच्या एका आजाराला त्याच कादंबरीवरून नाव दिले. तरीही उपाय म्हणावा असा बराच काळ एकच होता : गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी दुसरा मार्ग दाखवला. नाकावर मुखवटा बसवून त्यातून सौम्य दाबाची हवा सतत सोडत राहायची. सपाट पडलेल्या सायकलच्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरली की ती गोल राहते, तसाच हा प्रकार. हवेच्या त्या आधाराने घसा मिटतच नाही. 'सीपॅप' नावाने हे यंत्र आज जगभर वापरले जाते.

हा आजार पाश्चात्त्यांचा, खाऊन-पिऊन सुस्तावलेल्यांचा, असा एक समज आहे. तो मुंबईतच खोटा ठरला. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना प्रश्नावली देऊन आणि त्यांतील २५० जणांची झोप घरीच मोजून केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडत असल्याचे आढळले. श्वास अडणे आणि दिवसा झोप येणे ही दोन्ही लक्षणे असलेले ७.५ टक्के निघाले. पुढे २०२३ मध्ये देशभरातील अभ्यास एकत्र करून दिल्लीच्या 'एम्स'मधील संशोधकांनी अंदाज मांडला, की भारतातील प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसांना हा आजार असावा. आपल्या लोकांच्या जबड्याची ठेवण आणि चरबी साठण्याची तऱ्हा अशी, की वजनाचा काटा फार पुढे गेलेला नसतानाही घसा मिटू शकतो. तेव्हा 'मी कुठे लठ्ठ आहे?' हे उत्तर पुरेसे नाही.

तरीही या आजाराचे नाव घराघरांत पोचायला एक मृत्यू घडावा लागला. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले. डॉक्टरांनी कारणात छातीच्या संसर्गाबरोबर स्लीप अ‍ॅप्नियाचे नाव घेतले, तेव्हा अनेकांनी ते पहिल्यांदाच ऐकले. दोन दिवस चर्चा झाली आणि लोक पुन्हा घोरू लागले.

आता प्रश्न येतो निदानाचा. हृदयविकाराचा रुग्ण छातीत दुखते म्हणून स्वतः येतो. झोपेत श्वास अडणारा माणूस स्वतःहून येत नाही, कारण आजार चालू असताना तो झोपलेला असतो. म्हणून या निदानाची सुरुवात रुग्णापासून नव्हे, त्याच्या शेजारी झोपणाऱ्यापासून होते. तो मोठ्याने घोरतो का, मध्येच श्वास थांबतो का, दचकून उठतो का? मग रुग्णाला विचारायचे : सकाळी डोके दुखते का, तोंडाला कोरड पडते का, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते का, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो का, रक्तदाब औषधांना दाद देत नाही का? मान जाड आहे, वय पन्नाशीच्या पुढे आहे, वजन वाढलेले आहे, यांची भर घालायची. टोरांटोतील डॉक्टरांनी २००८ मध्ये अशा आठ प्रश्नांची एक यादी केली. ती 'स्टॉप-बँग' नावाने प्रसिद्ध आहे. तिला ना सुई लागते ना पैसा. लागतात दोन-तीन मिनिटे आणि ऐकून घेणारा कान.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. नवऱ्याच्या घोरण्याची साक्ष बायको देते, पण तिच्या घोरण्याची साक्ष कोण देणार? तो तर आधीच झोपलेला असतो. शिवाय 'बाईमाणूस घोरते' हे सांगण्याची आपल्याकडे लाज. स्त्रियांमध्ये हा आजार पुष्कळदा थकवा, डोकेदुखी, निद्रानाश, उदासपणा अशा वेषात येतो आणि पाळी गेल्यानंतर त्याचे प्रमाण वाढते. मग त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, कधी झोपेच्या. झोपेच्या काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, म्हणजे रोगाला मदतच झाली. मद्याचेही तेच.

मुलांचे दुखणे आणखी निराळे. तोंड उघडे टाकून झोपणारे, रात्री घामाघूम होणारे, मोठ्या वयातही अंथरूण ओले करणारे मूल दिवसा पेंगेलच असे नाही. उलट ते चळवळे, चिडके होते आणि अभ्यासात मागे पडते. शाळेत त्याला छडी किंवा बोलणी बसतात. दोष असतो वाढलेल्या टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइडच्या गाठींचा. त्या काढल्या की बहुतेक मुलांची झोप सुधारते.

संशय आला की खात्री तपासणीने करायची. तिचे संपूर्ण रूप म्हणजे रात्रभर रुग्णालयात झोपवून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, श्वास, छातीची धडपड, प्राणवायू आणि नाडी एकत्र नोंदवणे. तारांनी वेढलेला माणूस पाहून घरचे घाबरतात, पण यात दुखणारे काही नाही. अनेकांना आता त्यातले मोजके भाग नोंदवणारे छोटे यंत्र घरी नेऊन तपासणी करता येते. तपासणी टाळून थेट यंत्र आणू नये. कारण याच आजाराचा एक भाऊबंद आहे. त्यात घसा उघडाच असतो, पण मेंदूकडून श्वासाची आज्ञा येत नाही. दुबळ्या हृदयाच्या किंवा अफूवर्गीय औषधे घेणाऱ्या रुग्णांत तो दिसतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. कोविडच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आपल्याकडे घरोघर आला. दिवसा त्यात ९८ दिसले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. हा रोग दिवसा दिसत नाही.

उपचारांत यंत्राचा क्रम पहिला लागतो, विशेषतः आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर. पण ते विकत घेणे सोपे नाही आणि वापरणे त्याहून अवघड. साधे यंत्रही तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते. नाकावर मुखवटा बांधून बायकोसमोर झोपायची पुरुषांना लाज वाटते, नाक कोरडे पडते, पट्टा टोचतो. पहिल्या पंधरवड्यात अनेकांची यंत्रे कपाटावर जाऊन बसतात. मुखवट्याचे माप बदलणे, हवा दमट करणे, हळूहळू सवय लावणे याने यांतल्या बऱ्याच अडचणी सुटतात, पण ते समजावून सांगणारे कोणी लागते. शहरात यंत्र चालेल, पण वैजापूर-कन्नडकडच्या एखाद्या वाडीवर मध्यरात्री वीज गेली तर काय, हाही आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. यंत्राबरोबर बॅटरीचा विचार आधीच करायला हवा.

यंत्राबद्दल भाबडेपणाही नको. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ जण होते. भारतातील रुग्णही त्यात होते. यंत्राने पुढचे हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. पण ते रुग्ण यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरत होते. अर्धी रात्र बांध आणि अर्धी रात्र मोकळे पाणी, असा तो प्रकार. दिवसाची झोप, मनाची उभारी आणि कामावरची हजेरी मात्र यंत्राने सुधारली, हेही त्याच प्रयोगात दिसले. पेंगुळलेला माणूस जागा होणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

यंत्राशिवायही बरेच करता येते. वजन दहा टक्क्यांनी उतरले तर अडथळे सुमारे पाव हिश्शाने कमी होतात, असे अमेरिकेतील दीर्घ अभ्यासात दिसले आहे. काहींचा घसा फक्त उताणे झोपल्यावर मिटतो. अशांच्या बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात चेंडू ठेवला, की ते आपोआप कुशीवर राहतात. सौम्य आजारात खालचा जबडा पुढे धरणारी, दंतवैद्याने मापाने बनवलेली पट्टी चालते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारे औषध लठ्ठ रुग्णांतील या आजारासाठी मान्य केले. वर्षभर घ्यावे लागणारे असे महागडे इंजेक्शन कितीजणांना परवडेल, हा भाग वेगळा. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये शंख फुंकण्याच्या सरावाचा एक प्रयोग प्रसिद्ध केला आणि रुग्णांना थोडा फायदा झाल्याचे नोंदवले. प्रयोग अवघ्या तीस जणांचा होता. शंख जरूर फुंकावा, पण तेवढ्यावर यंत्र अडगळीत टाकू नये.

मग या शहराने काय करावे? समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ७०१ किलोमीटरच्या या सरळ रस्त्यावर मोटारींना १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी शंभर मीटर आंधळी धावते. झोपेत श्वास अडणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका इतरांच्या साधारण अडीचपट असतो, असे अनेक अभ्यासांचे एकत्रित अनुमान आहे. वाहन परवान्यासाठीच्या घोषणापत्रात फिट, अचानक शुद्ध हरपणे, नजर, रातांधळेपणा, बहिरेपणा यांबद्दल विचारले जाते. झोपेबद्दल वेगळा प्रश्न नाही. तो घालावा. मात्र 'घोरतो' म्हटल्याबरोबर चालकाची रोजी जाणार असेल, तर एकही चालक खरे बोलणार नाही. प्रश्नाबरोबर तपासणी आणि उपचार मिळाले पाहिजेत, आणि उपचार घेणाऱ्याचे काम सुरक्षित राहिले पाहिजे. वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांतील पाळीच्या कामगारांनाही हेच लागू आहे.

साऱ्या मराठवाड्यातून रुग्ण 'घाटी'त येतात. १९५६ मध्ये सुरू झालेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय गरिबांचा मोठा आधार आहे. तिथे आणि प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात रक्तदाब, मधुमेहाच्या केसपेपरवर दोनच प्रश्न छापावेत : घोरता का, आणि झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिले आहे का? शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर ही माहिती हवीच. कोविडमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आरोग्यसेविका आणि आशाताई दारोदार जाऊन ऑक्सिमीटर लावत होत्या. त्याच आशाताईंना हे दोन प्रश्न विचारणे जड नाही. आणि जी गणेश मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, ट्रस्ट आज चाकाची खुर्ची, वॉकर, जलशय्या अल्प भाड्याने देतात, त्यांनी या यंत्रांचीही पेढी काढावी. मुखवटा ज्याचा त्याचा, यंत्र सर्वांचे. महिनाभर वापरून पाहिल्यावर विकत घ्यायचे की नाही, ते माणूस ठरवू शकेल.

यांतले काहीच करता आले नाही, तरी एक गोष्ट प्रत्येक घर आज रात्री करू शकते. घोरणाऱ्याची थट्टा थांबवून त्याच्या घोरण्यातल्या थांबण्याकडे लक्ष द्यावे. आता मोबाइल प्रत्येकाच्या उशाशी आहे. दोन-चार मिनिटांचे चित्रण करून ते डॉक्टरांना दाखवावे. आणि डॉक्टरांनीही रुग्णाबरोबर आलेल्या बाईला खुर्ची देऊन आधी तिचे ऐकावे.

काका गेल्यानंतर काकू वीस वर्षे जगली. गल्लीतल्या बायका कधीतरी गमतीने म्हणत, "आता तरी शांत झोप लागत असेल तुम्हाला!" ती म्हणायची, "बाई गं, आवाजाचा त्रास मला कधीच नव्हता. आवाज होता तोवर मी निवांत होते. मी भ्यायचे ते, हे गप्प व्हायचे ना, त्याला." आजही आपल्या शहरात अशा कितीतरी काकू रात्री उठून बसत असतील. त्यांचे म्हणणे दवाखान्यात सांगायला त्यांना कोणी नेईल का?